लेकराचं अर्ध्या घंट्याचं ऑपरेशन

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लहान लेकराला ‘काही खाल्लंस का रे?’ असं कधी विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं. लेकरू आईकडे बघतं, आई डोळे वटारते आणि लेकरू मान हलवतं, ‘न्हाई.’ आईला विचारावं तर ती गळ्याची शपथ घेऊन सांगते, ‘अन्नाचा कण न्हाई पोटात, सिस्टर.’ खोटं बोलत नसते बिचारी. आपल्याकडे चहा म्हणजे खाणं नव्हे. चहात बुडवलेलं बिस्कीट म्हणजेसुद्धा चहाच. आणि रडायलंय म्हणून तोंडात दिलेला गुळाचा खडा तर कुणी धरतच नाही. म्हणून मी विचारायची तऱ्हा बदलली होती. लेकराशेजारी बसायचं, त्याच्या सदऱ्याची गुंडी नीट लावायची आणि सहज म्हणायचं, ‘आज चहात साखर कमी पडली म्हणे?’ निम्मी लेकरं तिथल्या तिथं मला खोडून काढायची, ‘न्हाई, लय गोड व्हता!’ की झालं. आईचं तोंड उतरायचं, माझंही.

मी खंदारे सिस्टर. जिंतूर-परभणी भागातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज म्हणून नोकरी केली, नुकतीच घरी बसले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर विश्वस्त म्हणतील, बाईनं फुकट जाहिरात केली. आणि पुढचं वाचलं तर म्हणतील, कशाला केली! माझं माहेर चारठाण्याजवळचं. लांबलांबून लोक कॅमेरे घेऊन आमची देवळं बघायला येतात. आम्ही त्याच वाटेनं दप्तर आपटत शाळेत जायचो आणि एकदाही मान वर करून बघितलं नाही. आमच्या वस्तीतल्या मुली शिकल्या त्या बहुतेक शिक्षिका झाल्या. मलाही मास्तरीणच व्हायचं होतं, पण नंबर लागला नर्सिंगला. वडील म्हणाले, ‘पांढरे कपडे दोन्हीकडं चालतेत. जा.’ गेले. फळ्यासमोर उभी राहिले असते तर कदाचित बरी मास्तरीण झाले असते. दटावायची सवय मला पहिल्यापासून आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लहान लेकराचं ऑपरेशन म्हणजे छोटं ऑपरेशन. मोठ्या माणसाचा सदरा आखडला की लहान मुलाचा होतो, तसं काहीतरी. तसं नसतं. लेकराची श्वासाची नळी वेगळी, सुई वेगळी, औषधाचा थेंबन् थेंब वजनावर. लेकरू गार लवकर पडतं, म्हणून आमच्या थिएटरात बालरुग्णांच्या दिवशी एसी बंद. लेकराला कापसात गुंडाळायचं, आणि आम्ही सगळे घामानं चिंब. सरांच्या कपाळाचा घाम पुसायला एक सिस्टर वेगळी उभी राहायची. हे सर म्हणजे लेकरांचे सर्जन. संभाजीनगरहून महिन्यातून एकदा यायचे, सकाळी येऊन दुपारी परत. भूल देणाऱ्या मॅडम परभणीच्या. मोठ्या माणसांना भूल देणारे इथं आहेत, पण लेकराला भूल द्यायची म्हटलं की भलेभले म्हणतात, ‘पुढं न्या.’ गावातला डॉक्टर म्हणतो पुढं न्या, तालुक्याचा म्हणतो पुढं न्या, आणि हे ‘पुढं’ कुठं संपतं ते आईबापाला कुणी सांगत नाही. बरेच जण मधल्याच कुठल्यातरी फाट्यावर उतरून घरी परत जातात.

सर यायचे तो दिवस म्हणजे आमचं शिबिर. त्याला सगळ्यात जास्त लेकरं यायची ती हर्नियाची. जन्माच्या आधी जांघेतून एक बारीक वाट उघडी असते. ती आपोआप बुजायला पाहिजे. काही लेकरांची बुजत नाही. मग लेकरू रडलं, खोकललं, की त्या वाटेनं आतडं खाली उतरतं आणि जांघेत गोळा येतो. निजलं की परत आत जातं. दुखत नाही, लेकरू खेळतं, खातं. म्हणून आईबाप म्हणतात, असू दे, मोठं झाल्यावर बघू. पण एखाद्या दिवशी ते आतडं त्या वाटेत अडकतं. मग गोळा आत जात नाही, टणक होतो, लेकरू ओकायला लागतं, आणि तिथून पुढं घड्याळ सुरू. वेळेत पोचलं तर वाचलं. आणि हे सगळं टाळायचं तर करायचं काय? बारीक चीर द्यायची, पिशवी सोडवायची, वाट बांधून टाकायची. अर्ध्या घंट्याचं काम. सरांच्या हाताखाली तर तेवढाही वेळ लागायचा नाही.

त्या अर्ध्या घंट्यासाठी काय काय व्हायचं, त्याचे किस्से सांगत बसले तर अंक पुरणार नाही. सेलूकडचे एक गुरुजी होते. मुलगी उपाशी, मग आपण कसं खायचं म्हणून बाप उपाशी, आई उपाशी, आजोबाही उपाशी. मुलीला टेबलावर घेतलं, ती शहाण्यासारखी झोपली, आणि बाहेर धाडकन आवाज. गुरुजी दारातच आडवे! लेकीला सलाईन एक आणि बापाला दोन. शुद्धीवर आल्यावर म्हणतात कसे, ‘नैतिक पाठिंबा म्हणून केलं, सिस्टर.’ मी म्हटलं, ‘गुरुजी, पाठिंबा जेवून द्यायचा असतो.’ पुढं कित्येक वर्षं दवाखान्यात कुणाला चक्कर आली की आमच्या पोरी म्हणायच्या, नैतिक पाठिंबा दिसतोय.

पण सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत. बोरीकडची एक मुलगी होती. मुलींनाही हर्निया होतो, हे कित्येकांना माहीत नसतं. काळी सावळी, तल्लख, माझ्या घड्याळाला हात लावून ‘हे चालतंय का?’ विचारणारी. शिबिरात तपासली तेव्हा तिला सर्दी-खोकला होता. खोकल्यात भूल देता येत नाही, म्हणून पुढच्या महिन्याची तारीख दिली. पण पुढच्या महिन्यापर्यंत आईबाप टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेले. आमच्या भागातली निम्मी घरं दसऱ्यानंतर कुलूपबंद होतात. नवरा-बायको मुकादमाच्या ट्रकवर चढतात, लेकरं त्यांच्याबरोबर, आणि पार उन्हाळा तोंडावर आल्यावर परत. ती मुलगी तिकडं, हद्दीपलीकडच्या मुलखात, उसाच्या फडात होती तेव्हा आतडं अडकलं. आईबापाला तिथली भाषा येत नव्हती. त्यांनी तिला एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेलं, आणि तिथंही कुणीतरी सांगितलं, पुढं न्या. पुढं पोचेपर्यंत ती राहिली नाही. हे मला पुढच्या वर्षी तिच्या आईनं सांगितलं, धाकट्याला लस द्यायला आली तेव्हा. रडली नाही. सांगितलं आणि धाकट्याचं टोपडं बांधत बसली. मी घरी येऊन जेवले नाही. त्यानंतर कुणाला ‘पुढच्या महिन्याची तारीख’ द्यायची झाली की मी आधी विचारायची, तेव्हा गावात असणार का?

हे आधी सांगितलं, कारण याच्यामुळंच कार्तिकच्या वेळी मी जशी वागले तशी वागले.

कार्तिक देवगाव फाट्याच्या आतल्या एका गावचा. चार-साडेचार वर्षांचा, गालफुगा, पायात आजोबांच्या चपला. बरोबर बाप दत्ता, आई सुनीता आणि आजी गयाबाई. गयाबाई म्हणजे दत्ताची आई. दसरा झालेला, टोळी दोन दिवसांनी निघणार, आणि बरोबर मधल्या शनिवारी आमचं शिबिर. माझ्या मनात आलं, या वेळी गाठलं बरं का! या लेकराला फडात जायच्या आधी दुरुस्त करून पाठवायचं. आदल्या दिवशीच भरती करून घेतलं. संध्याकाळी चौघांना समोर बसवून सांगितलं, ‘उद्या सकाळपासून काही द्यायचं नाही. दूध नाही, चहा नाही, बिस्कीट नाही. घोटभर पाणी द्यायचं तेही मी सांगेन तेव्हा. पोटात काही असलं आणि भूल दिली, तर ते उलटून वर येतं आणि श्वासात जातं. जागेपणी आपल्याला ठसका लागतो, खोकून बाहेर टाकतो. भूल दिल्यावर ठसकासुद्धा झोपतो. लेकरू टेबलावरच जाईल.’ दत्तानं मान डोलावली. सुनीतानं पदर तोंडाला लावला. गयाबाई म्हणाल्या, ‘समजलं बाई, येकदा सांगितलं की समजतं आमाला.’

सकाळी सर आले. आमच्याकडे यादीत सगळ्यात लहान लेकरू पहिलं, कारण त्याला भूक निघत नाही. एक तान्हं आधी घेतलं. कार्तिकचा नंबर त्याच्यानंतर. मी त्याला हिरवा झगा घालायला वॉर्डात गेले तर गडी पलंगावर बसून पाय हलवतोय. उपाशी लेकरू सकाळी असं बसत नाही हो! उपाशी लेकरू रडतं, चिरचिर करतं, आईचे केस ओढतं. हा मात्र पोट भरल्यासारखा गाणं म्हणत होता. मी शेजारी बसले. सदरा उतरवून झगा घातला, म्हणून गुंडीऐवजी झग्याची नाडी बांधली.

‘काय रे कार्तिक, दूध गार होतं का?’

‘न्हाई,’ कार्तिक म्हणाला. ‘आजीनं ऊन केलं व्हतं. भाकर चुरून दिली. साकर घालून.’

सुनीताच्या हातातली पिशवी खाली पडली. ती सासूकडे बघत राहिली. दत्ता ओरडला, ‘आये! काय केलंस हे?’

गयाबाई खाली बसल्या होत्या त्या उठल्याही नाहीत. दवाखान्याच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी नेऊन, चहावाल्याच्या स्टोव्हवर दूध तापवून, फडक्यातली भाकर कुस्करून त्यांनी नातवाला पोटभर खाऊ घातलं होतं. नुकतंच. लपवून केलं होतं, पण पकडल्यावर चेहऱ्यावर लाज म्हणून नाही. माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, ‘बाई, कापायच्या आदी बोकडालाबी चारापाणी दावत्यात. उपाशी कुणी सुरीखाली देत न्हाई. ह्यो तर माजा नातू हाय.’

माझ्या तोंडात चांगलं सणसणीत उत्तर होतं. इतक्या वर्षांत मी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. पण मी कार्तिकच्या झग्याची बांधलेली नाडी सोडायला घेतली. गयाबाईंनी मनात लेकरू मरायची शक्यता धरलेली होती. मरायचंच असेल तर भुकेलं मरू नये, एवढीच त्यांची तजवीज होती. आम्ही संध्याकाळी जे समजावून सांगितलं, त्यातलं ‘लेकरू टेबलावरच जाईल’ एवढंच त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यावर त्यांना जे योग्य वाटलं ते केलं होतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. ‘कॅन्सल.’ मी म्हटलं, शेवटी घेऊ. म्हणाल्या, ‘सिस्टर, दूध-भाकर आहे. सहा तास तरी पाहिजेत. दुपारी मला सेलूला सीझरला जायचंय. तिथंही आई आणि बाळ थांबलेत.’ सरांना संभाजीनगरला संध्याकाळची ओपीडी. दोघांचंही चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. जिल्ह्याला लेकरांचा एखादा सर्जन, भुलीचा एखादा डॉक्टर कायमचा असता, तर ‘बसा आज्जी, दुपारी करू’ म्हणालो असतो, आणि ही कथा इथंच संपली असती.

वॉर्डात आले तर दत्ता पिशव्या भरत होता. मला म्हणाला, ‘सिस्टर, तुमी त्येला इचारलंच न्हसतं तर?’

‘तर काय?’

‘तर आतापतूर झालं आस्तं. कुणाला काय कळलं आस्तं?’

‘मला कळलं असतं, दत्ता. आणि मग तुला कळलं असतं.’

तो वरमला, पण पिशव्या भरायचा थांबला नाही. ‘आता काय, संग नेतो. आल्यावर बघू. त्येला कुटं दुकतंय? खेळायलंय की.’

मग मी त्याला त्या बोरीकडच्या मुलीची गोष्ट सांगितली. आतापर्यंत मी ती कुणाला सांगत नव्हते. लेकराच्या आईबापाला भीती घालून काम करून घेणं मला पटत नाही. त्या दिवशी घातली. घड्याळाला हात लावायची, तेही सांगितलं. दत्ता ऐकता ऐकता पलंगावर बसला. कार्तिक त्याच्या मांडीवर चढून मिशा ओढायला लागला. दत्ता म्हणाला, ‘मंग काय करू? टोळीत न जाऊन भागत न्हाई. आमी दोगं मिळून एक कोयता. ही न्हाई आली तर मुकादम मलाबी घेत न्हाई.’ हे खरं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजेच एक कोयता. अर्धा कोयता कुणी घेत नाही.

म्हणजे उरलं एकच. लेकराला मागं ठेवायचं. आणि ठेवायचं कुणाजवळ, तर जिनं सकाळी दूध-भाकर चारली तिच्याजवळ.

सुनीता मला म्हणाली, ‘सिस्टर, तकडं फडात अडकलं तर दवाखाना किती लांब आसंल?’

मी म्हटलं, ‘मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, दत्तालाही माहीत नाही.’

‘आन् हितं अडकलं तर?’

‘इथं अडकलं तर मला फोन करायचा. मी मॅडमना उठवीन, सरांना उठवीन, गाडी करून लेकराला स्वतः संभाजीनगरला नेईन. पण अडकलं की लगेच कळवायला पाहिजे. उद्या बघू, चालणार नाही.’

सुनीता सासूजवळ जाऊन खाली बसली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. ‘आत्या, मी त्येला तुमच्यापशी ठिवते. माजी येकच गोष्ट ऐका. सिस्टर म्हणतील तेच. जीव तुटला तरी तेच.’ गयाबाईंचा ताठा त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. ‘मला मारा गं कुणीतरी,’ म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. सुनीता रडली नाही. ती कार्तिकची नखं काढत बसली. नखं वाढली नव्हती त्याची. मी बघितलं होतं.

टोळी गेली. त्यानंतरचा महिना मी जो काढला तो माझा मला माहीत. गयाबाईंना मी शिकवलं होतं, गोळा आला की लेकराला आडवं करायचं, आत गेला की ठीक. आत जाईना, टणक लागला, ओकायला लागलं, की काही खायला द्यायचं नाही आणि तडक फोन. झालं! त्यांनी फोनच हातात धरून ठेवला. शेजारच्या मुलाकडून लावून घ्यायच्या. ‘बाई, शिंकला तर चालंल का?’ ‘बाई, झाडावर चडलाय, काय करू?’ ‘बाई, गोळा गेला आत, पर मलाच दिसंना व्हता का काय कुणास ठाऊक.’ एकदा मी वैतागून म्हटलं, ‘गयाबाई, तुम्ही सर्जन झाल्यात आता.’ तर म्हणाल्या, ‘चेष्टा करू नका. सून कवाबी इचारती, मला हिशोब द्यावा लागतो.’

पुढचं शिबिर आलं. गयाबाईंनी या वेळी कार्तिकला पलंगावरून खाली उतरू दिलं नाही आणि चहावाल्याला वॉर्डाच्या दारातूनच हाकललं. बाकीची लेकरं रडायला लागली तर त्यांच्याही आयांना दम भरला, ‘काय द्यायचं न्हाई बगा! भुलीत ठसका झोपतो!’ माझंच वाक्य, माझ्याच वॉर्डात, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

आमच्या थिएटरात एक रीत होती. लेकराला आईच्या हातून ओढून न्यायचं नाही. आईनंच त्याला कडेवर घेऊन आत यायचं, मॅडम तोंडावर मास्क धरतात, आई गोष्ट सांगते, लेकरू झोपतं, मग आई बाहेर. ही रीत मी भांडून चालू करून घेतली होती. आधी डॉक्टर म्हणायचे, आयाच चक्कर येऊन पडतील. दोन-तीन पडल्याही. पण लेकरं किंचाळायची थांबली. कार्तिकला कुणी आणायचं? गयाबाई दारापर्यंत आल्या, आतला दिवा बघितला आणि मागं सरल्या. ‘मला न्हाई बगवायचं. मी पाप केल्यालं हाय.’ मी म्हटलं, ‘काही पाप नाही. द्या इकडं.’ सुनीताला फोन लावून बघितला, म्हटलं आवाज तरी ऐकू दे लेकराला. लागला नाही. उसात रेंज कुठली! मीच कडेवर घेतला. तो माझ्या टोपीकडे बघत होता. म्हणाला, ‘आई कवा येणार?’ मी म्हटलं, ‘ऊस संपला की.’ ‘सगळा ऊस?’ ‘सगळा.’ मास्क लावला, चार श्वास घेतले आणि मान माझ्या खांद्यावर पडली. इतकी लेकरं मी झोपताना बघितली, पण त्या दिवशी मॅडमना म्हणावं लागलं, ‘सिस्टर, ठेवा आता खाली.’

सरांनी चीर दिली, पिशवी सोडवली, वाट बांधली, टाके आतून घेतले, वर चिकटपट्टी. बाहेर येऊन मी गयाबाईंना सांगितलं, झालं. त्या म्हणाल्या, ‘झालं? येवढंच?’ बहुतेक लोक हेच विचारतात. एवढ्यासाठी एवढं? मला दर वेळी राग यायचा, वाटायचं, आमच्या कामाची किंमत नाही लोकांना. त्या दिवशी राग आला नाही. मलाही तेच विचारायचं होतं. कुणाला विचारायचं, ते मात्र कळलं नाही. अर्ध्या घंट्याचं काम, त्याच्यासाठी एका आईला लेकरू सोडून जावं लागलं. असं जिथं होतं, तिथं हातातल्या कौशल्याचं कौतुक किती करायचं?

संध्याकाळी सुनीताचा फोन लागला. मी सांगितलं, चांगलं झालं, दूध प्यायला. ती म्हणाली, ‘बरं.’ आणि ठेवून दिला.

उन्हं तापायला लागली तशा टोळ्या परत आल्या. एका सकाळी सुनीता दवाखान्यात आली. काळवंडली होती, हातांना उसाच्या पानांनी कापल्याच्या रेघा. बरोबर गयाबाई आणि कार्तिक. आदल्याच दिवशी गावी पोचली होती म्हणे. मला वाटलं, काही तक्रार आहे. तर म्हणाली, ‘काय न्हाई. कुटं कापलं ते बगायचं हाय. आत्याला नीट दावता येईना.’

मी कार्तिकला टेबलावर घ्यायला गेले. सुनीता म्हणाली, ‘मी घेते,’ आणि हात पुढं केले. कार्तिक गयाबाईंच्या लुगड्यात शिरला. ‘न्हाई. तू न्हाई. आजी.’ सुनीता हसली, पुन्हा हात पुढं केले. त्यानं तिचा हात झटकला आणि आजीच्या मांडीला मिठी मारली. गयाबाईंना कुठं बघावं कळेना. ‘आरं, तुजी आई हाय रं, खुळ्या,’ असं काहीतरी पुटपुटल्या. शेवटी त्यांनीच त्याला उचलून टेबलावर ठेवलं, त्यांनीच चड्डी सोडली.

मी दिवा जवळ ओढला. सर चीर देतात ती जांघेच्या घडीत देतात. लेकरू वाढतं तशी ती घडीत मिसळून जाते. आमच्या धंद्यातली ही मोठी फुशारकी असते, की व्रण सापडत नाही. मीसुद्धा कित्येक आयांना असं छातीठोक दाखवलं होतं, बघा, आहे का कुठं खूण? सुनीता वाकून वाकून बघत होती. तिला दिसेना. मी बोट ठेवून दाखवलं, तरी दिसेना. तिनं त्या जागेवरून अंगठा फिरवला. कार्तिकला गुदगुल्या झाल्या, तो हसला, आणि मग कोण हात लावतंय ते बघून पुन्हा आजीकडे वळला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, ‘बघ, आता गोळा येणार नाही. कधीच नाही. आजार गेला.’

सुनीतानं त्याची चड्डी नीट केली, त्यानं करू दिली तेवढी. म्हणाली, ‘आजार गेला, सिस्टर. लेकरू यायला येळ लागंल.’

मग आजीच्या कडेवर बसून तो बाहेर निघाला, आणि ती त्यांच्या मागं, त्याच्या गळून पडलेल्या चपला हातात घेऊन.